झोपेत दात खाणारं मूल: आवाज दातांचा, लक्ष श्वासाकडे

तीन-चार वर्षांचं मूल झोपेत दात खायला लागलं की घरात पहिला संशय जातो तो जंतांवर. आजी वावडिंगाचं पाणी द्यायला सांगते, शेजारच्या काकू मेडिकलमधून जंताचं औषध आणायला सांगतात आणि कुणीतरी ‘गोड किती खातो तो, मग होणारच’ अशी भर घालतं. गोळी आणली जाते, मूल ती चघळतं आणि दोन-चार रात्रींनी करकर पुन्हा सुरू होते. कधी कधी मात्र ती खरंच थांबते. मग त्या घरात जंतांवरचा संशय पुढच्या पिढीपर्यंत पक्का होतो. वास्तविक दात खाणं आपोआपच महिना-महिना बंद पडतं आणि पुन्हा डोकं वर काढतं. त्यामुळे त्या सुमाराला जे औषध चालू असेल त्याच्या नावावर गुण जमा होतो.

आई-बाप घाबरतात त्या आवाजाने. एवढ्याशा जबड्यातून निघणाऱ्या करकरीने शेजारी झोपलेल्या मोठ्या माणसाची झोप उडते आणि मूल मात्र ढिम्म झोपलेलं असतं. दात तुटतील का, याला काही होतंय का, स्वप्नात भितोय का, असे प्रश्न रात्री अडीच वाजता फार मोठे वाटतात. बहुतेक मुलांच्या बाबतीत या सगळ्यांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण काही मुलांच्या बाबतीत हा आवाज दुसऱ्याच कशाची तरी वर्दी देत असतो, आणि ती गोष्ट बहुधा तोंडात सापडत नाही.

आधी मुळात होतं काय ते पाहू. आपण समजतो तशी झोप रात्रभर एकसारखी नसते. ती गाढ होते, उथळ होते, पुन्हा गाढ होते. उथळ झोपेत मेंदू अधूनमधून काही सेकंदांपुरता जागेपणाच्या जवळ येतो. लोकलमध्ये डुलकी लागलेल्या माणसाचे डोळे स्टेशन आलं की किंचित उघडतात आणि गाडी सुटताच मान पुन्हा पडते, तसाच हा प्रकार. सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. ही चिमुकली जाग साधारण 3 ते 15 सेकंदांची असते आणि निरोगी माणसालाही ती रात्रीत कितीतरी वेळा येते.

दात खाणं बहुतेक वेळा याच क्षणांना चिकटून येतं. झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये, प्रामुख्याने मोठ्या माणसांवर, जे अभ्यास झाले त्यात एक ठरावीक क्रम दिसला. आधी मेंदूच्या लहरी बदलतात, हृदयाचे ठोके वाढतात, मग चावण्याचे स्नायू आवळले जातात आणि खालचे दात वरच्या दातांवर घासले जातात. शेवटी बरेचदा एक आवंढा गिळला जातो. म्हणजे हुकूम वरून, मेंदूकडून येतो आणि दात फक्त तो पाळतात. गंमत अशी की झोपेत दात न खाणाऱ्या निरोगी लोकांपैकीही सुमारे 60 टक्के लोकांचा जबडा झोपेत अशीच लयबद्ध हालचाल करतो. त्यांचे दात एकमेकांवर घासले जात नाहीत, म्हणून कुणाला कळत नाही, इतकंच.

म्हणूनच या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने 2018 मध्ये नवी व्याख्या मांडताना स्पष्ट केलं, की एरवी निरोगी असलेल्या माणसाचं झोपेतलं दात खाणं हा स्वतंत्र आजार मानू नये. ती स्नायूंची एक हालचाल आहे. काहींना तिचा त्रास होईल, काहींना होणार नाही, आणि काहींच्या बाबतीत ती उपयोगाचीही असू शकेल. जबडा हलल्यामुळे घशातली हवेची वाट मोकळी होत असावी किंवा कोरडं पडलेलं तोंड लाळेने ओलं होत असावं, असे अंदाज मांडले गेले आहेत. ते अजून सिद्ध झालेले नाहीत. पण हे लक्षात घेतलं की दात खाणाऱ्या मुलाकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

किती मुलं दात खातात? 2013 मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा मुलांमधलं प्रमाण 3.5 टक्क्यांपासून 40.6 टक्क्यांपर्यंत कुठेही असल्याचं आढळलं. एवढी तफावत पाहून हसू येईल, पण कारण साधं आहे. बहुतेक अभ्यासांत आई-वडिलांना ‘तुमचं मूल झोपेत दात खातं का?’ एवढंच विचारलेलं असतं. मूल वेगळ्या खोलीत झोपत असेल तर त्यांना कुठून कळणार? आपल्याकडे मूल बहुधा आई-बापाच्या मधोमध झोपतं, तिथे एक करकरही सुटत नाही. शिवाय आठवड्यातून एकदा आणि रोज रात्री, दोन्हींना ‘हो’ असंच उत्तर मिळतं. नक्की आकडा काहीही असो, बालवाडीत आणि प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्षांत हे सर्रास दिसतं आणि वय वाढेल तसं कमी होत जातं. नऊ-दहा वर्षांनंतर बऱ्याच मुलांचं ते सुटतं. काहींचं राहतं. घराण्याचाही त्यात वाटा असतो. फिनलंडमध्ये जुळ्या भावंडांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आनुवंशिकतेचा भाग स्पष्ट दिसला. तेव्हा आजीला एकदा विचारून पाहावं, की बाबा लहानपणी काय करायचे.

आता जंतांकडे येऊ, कारण त्यांचा निकाल लावल्याशिवाय कुठल्याही मराठी घरात पुढचं बोलणं ऐकलं जाणार नाही. या समजुतीत तथ्याचा अंश आहे. सुतासारखे बारीक पांढरे कृमी असतात, त्यांची मादी रात्री गुदद्वाराच्या बाहेर येऊन अंडी घालते. तिथे खाज सुटते, मूल तळमळतं, झोप मोडत राहते. झोप मोडली की ती चिमुकली जाग वाढणार आणि तिच्याबरोबर दात खाणंही वाढू शकणार. तर्क म्हणून हे पटण्यासारखं आहे. प्रत्यक्ष तपासण्यांमध्ये मात्र दात खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या मुलांच्या पोटात जंत असण्यात ठाम फरक दिसलेला नाही. पोटात एकही जंत नसलेली असंख्य मुलं दात खातात आणि जंत झालेली असंख्य मुलं खात नाहीत. मुलाला रात्री खाज सुटत असेल, शीवर किंवा चड्डीत बारीक पांढरे दोरे दिसत असतील तर जंतांवर उपचार करावेत, ते खाजेसाठी. नुसत्या करकरीवरून जंतांचं निदान होत नाही.

जंतनाशक गोळी मुलांना द्यायचीच असते, पण ती वेगळ्या कारणासाठी. 2015 पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, 10 फेब्रुवारीला आणि अनेक ठिकाणी 10 ऑगस्टलाही. अंगणवाडीत आणि शाळेत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडॅझोलची चघळायची गोळी दिली जाते, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. रक्तक्षय आणि कुपोषण कमी व्हावं हा तिचा हेतू. ती चुकवू नये. पण दर वेळी दात वाजले म्हणून मेडिकलमधून आणखी एक गोळी आणून देण्यातही अर्थ नाही.

आता श्वासाबद्दल, ज्याच्याकडे घरात कुणाचंच लक्ष नसतं.

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला, ॲडेनॉइड नावाच्या ग्रंथी असतात आणि घशात दोन बाजूंना टॉन्सिल. साधारण दोन ते आठ या वयात या ग्रंथी घशातल्या जागेच्या मानाने मोठ्या असतात. त्यात वारंवार सर्दी किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर हवेची वाट आणखी अरुंद होते. जागेपणी मूल कसंबसं निभावून नेतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की श्वास अडखळतो. मेंदू ते ओळखतो, क्षणभर जाग आणतो, वाट मोकळी होते आणि मूल पुन्हा झोपतं. रात्रभर असं चालू राहिलं तर जागेचे क्षण वाढतात, आणि दात खाणं तर त्याच क्षणांशी बांधलेलं आहे. ब्राझीलमध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टॉन्सिल आणि ॲडेनॉइडमुळे झोपेत श्वासाचा त्रास होणाऱ्या 69 मुलांची नोंद ठेवली होती. शस्त्रक्रियेआधी त्यांच्यातली सुमारे 46 टक्के मुलं दात खात होती. तीन महिन्यांनंतर हे प्रमाण सुमारे 12 टक्क्यांवर आलं.

यावरून दात खाणं थांबवण्यासाठी टॉन्सिल काढा असा निष्कर्ष कुणी काढू नये. शस्त्रक्रियेचा निर्णय श्वासाच्या त्रासावर ठरतो. पण दातांच्या आवाजाने तुम्हाला जाग आलीच आहे, तर दहा मिनिटं तसंच पडून राहून मुलाचा श्वास ऐका, असं मी कुणालाही सांगेन. मूल घोरतं का? आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री? तोंड उघडं टाकून झोपतं का? श्वास मध्येच थांबून मग धापेसारखा सुरू होतो का? मान मागे टाकून चमत्कारिक झोपतं का, पंख्याखालीही डोकं घामाने भिजतं का, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय का? आपल्याकडे लहान मुलाचं घोरणं कौतुकाने घेतलं जातं, ‘दमून कसा गाढ झोपलाय बघा.’ रोज घोरणारं मूल गाढ झोपलेलं असेलच असं नाही. अशी मुलं दिवसा पेंगतातच असंही नाही. उलट चिडचिडी, चंचल, एका जागी न टिकणारी असतात, आणि शाळेतून तक्रार येते ती ‘लक्ष नाही’ म्हणून.

अशी शंका आली तर मोबाइल हातात घ्यावा. मुलाचं तोंड आणि उघडी छाती दोन्ही दिसतील असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढावा, शक्यतो पहाटेच्या सुमाराला. मुलांमध्ये श्वास अडण्याचे प्रकार स्वप्नांच्या झोपेत अधिक होतात आणि ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. दवाखान्यात मूल टुणटुणीत दिसतं आणि घशात डोकावून सगळं कळत नाही, त्यामुळे हा व्हिडिओ बालरोगतज्ज्ञांच्या किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या फार उपयोगी पडतो. कधी नाकात मारायच्या स्प्रेने आणि ॲलर्जी आटोक्यात आणूनच काम भागतं.

श्वासाइतकीच दुर्लक्षित गोष्ट म्हणजे घरातला सिगारेट-बिडीचा धूर. मुलांच्या दात खाण्याच्या कारणांचा आढावा घेणाऱ्या संशोधनात ज्या मोजक्या गोष्टींचा संबंध बऱ्यापैकी टिकून राहिला त्यात झोपेच्या तक्रारींबरोबर दुसऱ्याने ओढलेल्या तंबाखूचा धूर आहे. ‘मी गॅलरीत जाऊन ओढतो’ या सबबीने फारसं साधत नाही, कारण धूर कपड्यांतून आणि दारातून आत येतोच.

आणि ताण? हे उत्तर फार पटकन दिलं जातं. नवी शाळा, धाकटं भावंड, घरातली भांडणं यांनी झोप बिघडते हे खरं, आणि चिंताळू मुलं थोडी जास्त दात खातात असं काही अभ्यासांत दिसलंही आहे. काही अभ्यासांत दिसलेलं नाही. म्हणून ‘तुमच्या घरात काय चाललंय?’ असं कुणी आईला विचारलं तर तिने लगेच अपराधी वाटून घेऊ नये. मूल दिवसा हसतं-खेळतं असेल तर करकरीत दडलेलं दुःख शोधत बसण्याची गरज नाही.

त्यापेक्षा घड्याळ पाहिलेलं बरं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून 10 ते 13 तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत मोबाइलवर कार्टून आणि सकाळी साडेसहाला बूट-मोजे, यात हा हिशेब बसत नाही. महाराष्ट्रात डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी हाच मुद्दा मांडला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. त्याची अंमलबजावणी, स्कूलबसवाल्यांची गणितं, दोन पाळ्यांच्या इमारती हा वेगळाच विषय. घरात करता येण्याजोगं एवढंच, की झोपायची वेळ ठरलेली असावी, त्याआधी तासभर स्क्रीन नसावी आणि संध्याकाळनंतर चहा, कॉफी, कोला नको. ‘दुधातच दोन घोट चहा’ हासुद्धा चहाच.

काही मुलांच्या बाबतीत कारण अधिक ठळक असतं. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये दात खाणं जास्त आणि जास्त जोराचं असतं. अतिचंचलतेवरच्या किंवा नैराश्यावरच्या काही औषधांनीही ते वाढतं. औषध सुरू झाल्यानंतर हे लक्षात आलं तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं, आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

दातांचं काय होतं, हा प्रश्न उरला. दुधाचे दात वीस. त्यांचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, पक्क्या दातांपेक्षा बरंच पातळ असतं, त्यामुळे ते लवकर झिजतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या सुळ्यांची टोकं बोथट झालेली आणि पुढचे दात सपाट झालेले दिसले तर बहुतेकदा ते वयाला साजेसंच असतं. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडायला लागतातच. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत टिकवायच्या असतात. आणि खरी गंमत सहाव्या वर्षी होते. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, काहीही न पडता, पहिली पक्की दाढ उगवते. कित्येक पालकांना ती दुधाचीच वाटते. ती आयुष्यभराची आहे. म्हणून सहा-सात वर्षांनंतरही मूल जोरात दात खात असेल तर दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला या दाढा आणि नवे पुढचे दात दाखवावेत. ते फोटो किंवा ठसा घेऊन ठेवतात आणि पुढच्या खेपेला ताडून पाहतात. झीज वाढते आहे की थांबली आहे, हे एका भेटीत सांगता येत नाही.

झीज फक्त घासण्यानेच होत नाही. थंड पेयं, पॅकबंद ज्यूस, वारंवार आंबट ढेकर येणं किंवा उलटी होणं यांतल्या आम्लाने कवच मऊ पडतं आणि मऊ पडलेलं कवच घासलं की ते दुप्पट वेगाने गेल्यासारखं वाटतं. अशा वेळी दात खाणं बंद करण्यापेक्षा ज्यूस बंद करणं सोपं आणि जास्त गुणकारी. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, चूळ भरावी, अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश.

रात्री तोंडात बसवायचा गार्ड लहान मुलांना सहसा देत नाहीत. जबडा वाढत असतो, दात पडत-उगवत असतात. आज बसलेला गार्ड चार महिन्यांनी बसत नाही आणि बसवून ठेवला तर वाढीला अडथळा होतो. गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार गार्ड ऑनलाइन मिळतात. ते छोट्या मुलाच्या घशात अडकण्याचा धोका आहे, घेऊ नयेत. एके काळी दात नीट जुळत नाहीत म्हणून मूल दात खातं असं मानलं जाई आणि उंच भाग घासून काढला जाई. त्याला आता आधार उरलेला नाही. झोपेचं औषधही नको. आणि दात वाजले की मुलाला हलवून जागं करणं तर नकोच, कारण मोडलेली झोप हेच या गोष्टीचं मूळ खाद्य आहे. कूस बदलून द्यावी, फार तर पांघरूण नीट करावं.

दवाखान्यात कधी जावं? सकाळी उठल्यावर जबडा किंवा कानशिलं दुखतात असं मूल म्हणत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, थंड-गरम झोंबत असेल, दाताचा टवका उडाला असेल किंवा आतला पिवळसर भाग दिसायला लागला असेल तर लहान मुलांच्या दंतवैद्याकडे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, तिथे खर्चही कमी येतो. घोरणं, श्वास थांबणं असं काही दिसलं तर आधी बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा. यातलं काहीच नसेल तर नेहमीच्या तपासणीच्या वेळी एक वाक्य सांगितलं तरी पुरे.

दिवसा दात खाणं ही वेगळी गोष्ट, तिची इथे गल्लत करू नये. वर्षाच्या आतबाहेरचं बाळ नवे दात एकमेकांवर घासून पाहतं, ते त्याचं खेळणं असतं आणि काही आठवड्यांत सुटतं. शाळकरी मूल गृहपाठ करताना किंवा मोबाइलवर गेम खेळताना दात आवळून बसत असेल तर त्याला सांगता येतं, कारण ते जागं असतं: ओठ मिटलेले, दात सुटे. रागावून नव्हे, सहज, जाता-येता. झोपलेल्या मुलाला मात्र हे सांगून उपयोग नाही.